यीस्टची भिंत

वेवजीच्या रघ्याची मुलगी डहाणूच्या कॉलेजात ताडीचा अभ्यास करते, असं पाड्यावर कळलं तेव्हा लोक पोट धरून हसले. चैत्याकाका म्हणाला, "मग मी पन्नास वर्षं दुसरं काय केलं?" योगिताही त्यांच्यात मिसळून हसली. पण रविवारी दुपारी परत निघताना तिने बापाकडून ताडीची बाटली मागून घेतली, घट्ट बूच लावलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. तलासरीपर्यंत डुगडुग रिक्षा, तिथून एसटी. सगळा वेळ पिशवी मांडीवर. शेजारच्या बाईने नाक मुरडलं तर तिने खिडकी उघडली, पण बाटली खाली ठेवली नाही.

ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. त्या पाड्यावरून इतकं शिकलेलं तिच्याआधी कुणी नव्हतं. मुलींच्या वसतिगृहात राहायची, शनिवारी घरी जायची. रघ्या संध्याकाळी शिंदीच्या झाडाला काप देऊन मडकं बांधायचा आणि पहाटे उतरवायचा. तेव्हा रस गुळचट गोड असतो. ऊन चढलं की त्यावर फेस येतो, वास बदलतो, आणि दुपारपर्यंत तो चांगला झणझणीत होतो. हे सगळं घडवणारा जीव म्हणजे यीस्ट. ते हवेतून येतं, झाडावरून येतं, जुन्या मडक्याला चिकटलेलं असतं. वेवजीच्या शिंदीवरचं यीस्ट नेमकं कुठल्या कुळातलं, हे योगिताला शोधायचं होतं.

त्यासाठी यीस्टच्या पेशीतला डीएनए बाहेर काढावा लागतो, आणि तिथेच खरी मेख होती. यीस्टच्या पेशीला बाहेरून भिंत असते. ती साखरेच्याच लांब साखळ्यांची बनलेली असते, पण एकीत एक अशी विणलेली, की नुसतं पाण्यात ठेवून, घुसळून तिला काही होत नाही. ती उसवायला एन्झाइम लागतं, शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात ते. ते त्या साखळ्यांचे दुवे एकामागून एक तोडत जातं. तिच्या मार्गदर्शक भाविनी मॅडमनी महिनाभर अर्ज-विनंत्या केल्या, तेव्हा कुठे मुंबईहून थर्माकोलच्या डब्यात बर्फात बसून ते एन्झाइम आलं. करंगळीच्या पेराएवढी नळी. मॅडमनी ते विरघळवून दिलं आणि सांगितलं, "फ्रीजरमध्ये ठेव. हे परत मिळणार नाही, लक्षात ठेव."

प्रयोगशाळेतला फ्रीज संगितामावशी सांभाळायची. फ्रीजच काय, काचेची भांडी, ओटे, सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवरची धूळ, सगळं तिच्याकडे. धाकटी डहाणू या गावची, चाळिशीकडे झुकलेली, अकरा वर्षं कॉलेजात होती. दर वर्षी करार संपायचा आणि नवा व्हायचा. नवरा नारू होडीवर जायचा, सासू हिराबाई मासळी वाळवायची. मावशीने हात लावलेली भांडी पुन्हा तपासावी लागत नाहीत, असं मुलं म्हणायची.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी योगिता आली तर फ्रीजचा प्लग खाली लोंबत होता. आत दिवा नाही, फ्रीजरचं दार सताड उघडं, खाली पाण्याचं तळं. 

"मावशी! माझी नळी!"

"अगं, ओरडतेस कशाला?" मावशी पोछा पिळत म्हणाली. "आत बर्फाचा डोंगर झाला होता, दारच लागेना. आज काढला नसता तर सगळंच वितळलं असतं. तुझं सामान तिकडे आहे, बघ."

ओट्याखाली मासळीचा थर्माकोलचा डबा होता. मावशीने झाकण काढलं. आत फोडलेला बर्फ, त्यात खडे मीठ, आणि मधोमध प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्या नळ्या उभ्या.

"धाकटी डहाणूहून आणलाय बर्फ, सकाळीच. मीठ घातलं की तो जास्त गार होतो. आम्ही दोन दोन दिवस सुरमई टिकवतो गं, तुझी ही इवलीशी नळी टिकणार नाही?"

योगिताने बर्फात हात घालून नळी काढली. बोटं झणझणली. आतला द्रव दगडासारखा गोठलेला होता. तिने सुटकेचा श्वास सोडला, नळी परत ठेवली आणि आपल्या कामाला लागली. त्या दिवशी तिला ती गोष्ट फार मोठी वाटलीच नाही.

आठवड्याभराने प्रयोग सुरू झाला. ताडीतून वेगळं केलेलं यीस्ट तिने साखरेच्या पोषक रश्श्यात वाढवलं होतं. जितक्या जास्त पेशी तितका जास्त डीएनए, म्हणून चांगलं चार दिवस वाढू दिलं. चंबू दुधासारखा पांढराशुभ्र झाला. तिने पेशी धुतल्या, दाट साखरपाण्यासारख्या द्रवात ठेवल्या, एन्झाइम घातलं आणि कोमट पाण्यात तासभर ठेवल्या. मग त्यातलं थोडं साध्या पाण्यात टाकलं. भिंत गेलेली पेशी साध्या पाण्यात पडली की फुगते आणि फुटते, आणि गढूळ पाणी बघता बघता निवळतं. निवळलं म्हणजे जमलं.

पाणी निवळलं नाही.

तिने एन्झाइम दुप्पट केलं. तीन तास ठेवलं. पाणी तसंच दुधाळ. तिसऱ्यांदा केलं तेव्हा नळीच्या तळाशी नखभर एन्झाइम उरलं होतं.

विभागप्रमुख धर्मेश सर वाईट माणूस नव्हते. पण नळी मागवण्यासाठी त्यांनी स्वतःची सही खर्ची घातली होती, आणि वर जाब त्यांनाच द्यायचा होता. त्यांनी योगिताला केबिनमध्ये बोलावलं. भाविनी मॅडम खुर्चीत बसल्या होत्या.

"एन्झाइम मेलेलं दिसतंय," सर म्हणाले. "कुठे ठेवलं होतंस?"

"फ्रीजरमध्ये, सर."

"फ्रीज कधी बंद पडला होता का?"

योगिताने ओठ चावला. "दिवाळीनंतर एकदा बंद होता. प्लग काढलेला होता."

सरांनी मावशीला बोलावून घेतलं. ती ओल्या हातांनीच दारात आली.

"बाई, तुम्ही फ्रीज बंद केला होतात?"

"हो सर, बर्फ साफ करायला. पण नळ्या मी बर्फात ठेवल्या होत्या. मीठ घालून."

"मासळी आहे का ती?" सरांचा आवाज चढला. मग ते योगिताकडे वळले. "तू बघितलंस ते?"

एवढंच बोलायचं होतं: हो सर, मी हात घालून बघितलं, नळी गोठलेली होती. वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं. पण त्याच क्षणी तिला दिसलं, की एन्झाइम मेलं नसेल तर चूक आपली आहे. मग लोक म्हणतील, एवढी महागाची वस्तू त्या पोरीच्या हातात दिलीच कशाला. कोणी तोंडावर म्हणणार नाही, पण म्हणतील. आणि पुढच्या वर्षी पाड्यावरची दुसरी कुणी आली, तर तिला नळीला हातही लावू देणार नाहीत.

"मी आले तेव्हा फ्रीज बंद होता, सर," ती म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं. मावशी तिच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, कुणी आपलं बोलणं पुरं करील म्हणून माणूस थांबतं, तशी. योगिताने मान खाली घातली. मग मावशी "बरं" एवढंच म्हणून निघून गेली.

दोन दिवसांनी कळलं. एकतीस डिसेंबरला करार संपतोय, तो वाढवू नये, असं पत्र सरांनी कार्यालयात पाठवलं होतं.

त्या शनिवारी योगिता घरी गेली तेव्हा आई, रूपी, चुलीशी बसली होती. लेकीचं तोंड बघून म्हणाली, "काय झालं गं? कोणी बोललं का तुला?"

"मला नाही कोणी बोललं," योगिता म्हणाली, आणि पुढे तिला सांगता आलं नाही. बापाने बाटली भरून आणून दिली. ती तिने नेली नाही. रघ्याला वाईट वाटलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओखी वादळाची बातमी आली. होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या. दोन दिवस भलत्या दिवसांत पाऊस पडला. सुकत घातलेले बोंबील भिजले, आंब्याचा मोहर झडला, शाळांना सुट्टी दिली. तिसऱ्या दिवशी कॉलेज भरलं तेव्हा प्रयोगशाळेत तिघीच होत्या. भाविनी मॅडम खिडकीबाहेर कुंपणाच्या भिंतीवर चढलेल्या एका लठ्ठ गोगलगायीकडे बघत होत्या.

"बघ, पाऊस पडला की या बाहेर येतात," त्या योगिताला म्हणाल्या. "गंमत माहितीये? हे एन्झाइम विकत मिळत नव्हतं ना, त्या काळात लोक गोगलगायीच्या पोटातला रस वापरायचे. ती पाला, बुरशी, काय वाट्टेल ते खाते. हे सगळं पचवणारी विकरं तिच्या पोटात असतात. यीस्टची भिंतसुद्धा त्याने विरघळते."

मॅडम सहज बोलून गेल्या आणि तासाला निघून गेल्या. मावशी मागे भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला होता, हे योगिताच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने प्लॅस्टिकची बादली आणून ओट्यावर ठेवली. वरून जाळी बांधलेली. आत मुठीएवढ्या गोगलगायी, एकमेकींवर चढत होत्या.

"नणंदेच्या शेजारी चिकूची वाडी आहे. तिथल्या लोकांना नकोच असतात या, रोपं खातात," मावशी म्हणाली. "कशा कापायच्या ते सांग. हातमोजे आणलेत मी."

"मावशी, तुम्ही कशाला..."

"माझ्यामुळे तुझं काम अडलं, असं सगळे म्हणतात ना. मी किती वेळा आठवून बघितलं. मीठ घातलं होतं. बर्फ भरपूर होता. पण खरं सांगू? आता मलाच वाटायला लागलंय, की झाकण नीट बसलं नसेल. काही सांगता येत नाही बाई. निदान जायच्या आधी तुझं काम तरी मार्गी लागू दे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती सांगणारही होती, पण मावशीने बाही वर सारली आणि म्हणाली, "चल, दाखव." आणि ती वेळ निघून गेली.

योगिताने बर्फात ठेवून गोगलगायी बधिर केल्या आणि पहिली स्वतः कापली, ती चिरफाळली. दुसरी मावशीने घेतली. जन्मभर मासे साफ केलेला हात तो. शंख बाजूला केला, सुरीचं टोक नेमकं लावलं, आणि तपकिरी रसाने भरलेली पोटाची पिशवी अख्खी उचलून वाटीत ठेवली. एक थेंब सांडला नाही. दुपारपर्यंत बोटभर रस जमला. योगिताने तो गाळून घेतला, तेच चार दिवसांचं यीस्ट घेतलं, रस घातला आणि कोमट पाण्यात ठेवलं. दोघी घड्याळाकडे बघत बसल्या. मावशीने डबा उघडून तिला भाकरी दिली. योगिताने ती कशीबशी गिळली.

दोन तासांनी साधं पाणी घातलं. दूध ते दूधच राहिलं.

मावशीने नळी हलवून बघितली. मग हातमोजे काढत हळूच म्हणाली, "माझ्या हातालाच काहीतरी आहे वाटतं." आणि बादली उचलून बाहेर गेली.

योगिता तडक भाविनी मॅडमकडे गेली. गोगलगायींचं ऐकून मॅडम आधी हसल्या, मग चष्मा काढून त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं.

"थांब. विकतचं एन्झाइम चाललं नाही. गोगलगायीचं, अगदी ताजं, तेही चाललं नाही. दोन वेगळ्या वस्तू एकाच यीस्टवर फसल्या. मग शंका कुणावर घ्यायची?"

"यीस्टवर," योगिता म्हणाली. तिचे कान गरम झाले.

"बेकरीचं साधं यीस्ट घेऊन एन्झाइम तपासलं होतंस का, आधी?"

"नाही मॅडम."

"मीही विचारलं नाही. ते माझं चुकलं. यीस्ट किती तास वाढवलेलं आहे?"

"चार दिवस. पेशी जास्त मिळाव्यात म्हणून."

मॅडम उठल्या. प्रयोगशाळेत येऊन त्यांनी एक थेंब काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि योगिताला बसवलं. योगिताने डोळा लावला. गोल गोल पेशी, सगळ्या सुट्या, निपचित. मागे जुलैत बापाकडची पहाटेची ताडी तिने अशीच बघितली होती. तेव्हा प्रत्येक पेशीच्या अंगावर एक छोटी कळी फुटलेली होती. काहींना दोन दोन. इथे एकीलाही कळी नव्हती.

"साखर संपली की यीस्ट वाढायचं थांबवतं," मॅडम मागून सांगत होत्या. "उपासमारीत तग धरायचा असतो ना त्याला. मग ते भिंत जाड करतं, घट्ट करतं. अशा पेशीवर एन्झाइम सहसा चालत नाही. वाढत्या पेशीची भिंत वेगळी. ती रोज उसवून रोज नवी विणावी लागते, म्हणून पातळ असते. तू म्हाताऱ्या पेशी घेतल्यास, योगिता."

त्या रात्री योगिताला झोप लागली नाही. सकाळी सात वाजता ती प्रयोगशाळेच्या दारात होती. जुन्या चंबूतला एक थेंब तिने ताज्या रश्श्यात घातला आणि तो हलवत ठेवला. दुपारी एकच्या सुमारास चंबू नुसता धुरकट झाला होता, दुधाळ नाही. तिने बघितलं: कळ्याच कळ्या. मग चार नळ्या मांडल्या. ताजं आणि म्हातारं यीस्ट, अशा दोन जोड्या. एका जोडीत गोगलगायीचा रस, दुसऱ्या जोडीत नळीच्या तळाशी उरलेलं, मेलं म्हणून ठरवलेलं ते नखभर एन्झाइम.

अर्ध्या तासाने तिने पाणी घातलं. म्हातारं यीस्ट दोन्ही नळ्यांत तसंच राहिलं. ताजं यीस्ट आधी गोगलगायीच्या नळीत निवळू लागलं, आणि दुसऱ्या नळीत, विकतच्या एन्झाइमने, तिच्या डोळ्यांदेखत इतकं झरझर निवळलं, की पलीकडची ओट्याची फरशी दिसू लागली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या जागी नुसत्या फिकट सावल्या तरंगत होत्या.

एन्झाइम कधी मेलंच नव्हतं.

असल्या क्षणी नाचावंसं वाटेल, असं तिला नेहमी वाटायचं. ती स्टुलावर बसून राहिली. मग उठली आणि मागच्या मोरीकडे गेली, जिथे मावशी बाटल्या घासत होती.

"मावशी, एन्झाइम चांगलं आहे. यीस्ट म्हातारं होतं. चूक माझी होती."

मावशीचे हात थांबले. चेहरा आधी कळला नाही, मग उजळला. "म्हणजे... बर्फात टिकलं होतं ना? मी म्हणत होते ना?"

"हो. आणि मला माहीत होतं." योगिताने एका दमात सांगून टाकलं. "त्या दिवशी मी हात घालून नळी काढून बघितली होती. दगडासारखी गोठलेली होती. सरांनी विचारलं तेव्हा मी मुद्दाम सांगितलं नाही."

मावशीच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. नळ चालू होता, पाणी बाटलीवरून वाहत होतं.

"दोन आठवडे," ती म्हणाली. "दोन आठवडे मी स्वतःलाच विचारत बसले, झाकण नीट लावलं होतं का. सासूला सांगितलं, माझ्या हातून चूक झाली. आणि तू बाजूला बसून माझी भाकरी खाल्लीस."

"मावशी, मी..."

"जा बाई तू. मला काम करू दे."

योगिता तिथून निघाली ती सरळ धर्मेश सरांच्या केबिनमध्ये. तिने चारही नळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं. सरांनी एकेक नळी उचलून उजेडात धरली.

"पत्र गेलंय," शेवटी ते म्हणाले. "आता मागे घेणं म्हणजे..."

"मग माझं पत्र घ्या, सर. मी लिहून देते, की मी अर्धंच सांगितलं होतं."

"त्याने तुझंच नाव खराब होईल. तुझ्या प्रकल्पाचे गुण आहेत, पुढे शिफारस लागेल. विचार केलास?"

"केला, सर."

तिने तिथेच बसून मराठीत पानभर लिहिलं. कोणत्या तारखेला काय बघितलं, काय बोलले नाही, खाली सही. भाविनी मॅडमनी त्याखाली आपली ओळ घातली, की तपासणी आधी करून घेणं माझं काम होतं आणि ते राहून गेलं. सरांनी दोन्ही वाचलं, टोपणासकट पेन बोटांत फिरवलं आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतःही सही केली. "मासळीचं बोललो, ते बोलायला नको होतं," ते म्हणाले. पण हे ऐकायला मावशी तिथे नव्हती.

कार्यालयाची कामं कार्यालयाच्या चालीने होतात. एकतीस डिसेंबर आला आणि मावशी घरी बसली. जानेवारीचे पहिले दोन आठवडे भांडी मुलांनीच धुतली, वाईट धुतली. योगिताने रोज आपल्यासकट सगळ्यांची धुतली. सतरा तारखेला मावशी परत आली. नवा करार झाला होता. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, असं शिपाई सांगत होता. आत काय बोलणं झालं, ते कुणाला कळलं नाही.

योगिताशी ती बोलेना. कामापुरतं बोलायची: चंबू घे, गॅस बंद कर. योगितानेही पुन्हा माफी मागून तिला छळलं नाही. ती प्रयोग करत राहिली. डीएनए निघाला, पुरेसा निघाला, आणि तपासायला बाहेर गेला. फेब्रुवारीत अहवाल लिहिताना तिने गोगलगायीच्या रसाचं एक पान घातलं आणि तिथे साफ लिहिलं, की गोगलगायी जमवणं आणि पोटातला रस काढणं हे काम संगिता नारू यांनी केलं. टंकलेखनाच्या दुकानातल्या माणसाने विचारलं, "या कोण, मॅडम का?" योगिता म्हणाली, "हो."

ते पान मावशीला कुणी दाखवलं, ते कधी कळलं नाही. होळीच्या आधीच्या शुक्रवारी ती ओटा पुसता पुसता, मान वर न करता म्हणाली, "रविवारी घरी जाणार आहेस?"

"नाही. का?"

"मग जेवायला ये. सासूला तुला बघायचंय."

धाकटी डहाणूला खाडीच्या कडेला त्यांचं कौलारू घर होतं. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगलेले, त्यांचा वास सगळ्या आळीत. नारूने पाट मांडला. हिराबाई भिंतीला टेकून बसली होती, डोळे बारीक करून योगिताला न्याहाळत.

"ही का ती? हिच्यामुळे तू रडत होतीस?"

"हीच," मावशी आतून म्हणाली. "आणि हिनेच लिहूनही दिलं."

हिराबाईने योगितापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. थोड्या वेळाने विचारलं, "काय गं, एवढं करून तुम्ही काय करता तिथे? ही सांगते, कुणाची तरी भिंत फोडता म्हणे."

योगिताने सांगायला सुरुवात केली. ताडीतला जीव किती बारीक असतो, त्याच्याभोवती भिंत कशी, गोगलगायीच्या पोटातलं पाणी ती कसं उसवतं. नारू भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होता. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं पितो, तर त्या भिंतीही पोटात जातात?" त्याने विचारलं आणि स्वतःच हसला.

हिराबाईचं मात्र वेगळंच चाललं होतं. "भिंत गेल्यावर त्या जिवाचं काय होतं?"

"साध्या पाण्यात टाकलं तर फुटतो, आजी. पण दाट साखरेसारख्या पाण्यात ठेवला तर जगतो. आणि नीट जपला तर हळूहळू नवी भिंतही बांधतो."

"मग साध्या पाण्यात कशाला टाकता मेल्यांनो?"

"आत काय आहे ते बघायला."

"बघून झालं ना?"

"झालं."

"मग जेव आता," हिराबाई म्हणाली, आणि आतल्या दिशेने ओरडली, "संगिते, हिला तुकडी वाढ. शेपटीकडची नको, मधली वाढ."